केजीची पदवी आणि आत्याचं कुर्रर्र

धायरीतल्या त्या मंगल कार्यालयात आदल्या रात्री कुणाचा तरी साखरपुडा झाला असावा. स्टेजच्या मागच्या पडद्यावर झेंडूच्या माळा तशाच होत्या. मधली नवरा-नवरीच्या नावांची अक्षरं तेवढी काढून तिथे फुग्यांची कमान आणि ‘ग्रॅज्युएशन डे’ असा फ्लेक्स लावला होता. मार्चचा शेवटचा रविवार, सकाळचे साडेदहा, पंखे पाचवर. त्या उकाड्यात सिनिअर केजीची बत्तीस मुलं गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या सॅटिनच्या गाऊनमध्ये ओळीने उभी होती. डोक्यावर चौकोनी काळी टोपी, टोपीला पिवळा गोंडा.

टोप्या सगळ्या एकाच मापाच्या, डोकी मात्र बत्तीस मापांची. त्यामुळे अर्ध्या टोप्या भुवयांवर उतरलेल्या आणि उरलेल्या मानेवर लोंबणाऱ्या. एकीने गोंडा तोंडात घातला होता. एकाला सू लागली होती आणि त्याच्या गाऊनची चेन कुठून उघडते ते टीचरला सापडत नव्हतं.

नाव पुकारलं की मुलाने पुढे जायचं, मॅडमच्या हातून लाल रिबनीची कागदाची सुरळी घ्यायची, फोटोग्राफरकडे बघून हसायचं आणि पायऱ्या उतरायच्या. तिसऱ्या रांगेतली एक आत्या मोबाइल उभा धरावा की आडवा या विवंचनेत होती, तेवढ्यात तिच्या भाचीचं नाव आलं. भाची पुढे गेली, सुरळी घेतली, हसली आणि तिथेच, माइकसमोर, रिबन ओढून तिने सुरळी उलगडली.

“यात काहीच लिहिलेलं नाहीये!”

सगळा हॉल हसला. टीचरने सुरळी पुन्हा गुंडाळत समजूत घातली, “खरं सर्टिफिकेट नंतर मिळणारे हं बेटा.” फोटोपुरत्या कोऱ्या चार्टपेपरच्या सुरळ्या केल्या होत्या आणि बत्तीस जणांत एकीलाच ती उघडून बघावीशी वाटली होती. आत्यालाही आधी हसू आलं, मग भाचीचा अभिमान वाटला. कार्यक्रम संपवून रिक्षात बसेपर्यंत मात्र तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली होती. आज पदवी दिली ती नेमकी कशाची?

प्रश्न साधा वाटतो, पण शाळाशाळांमधून मार्च-एप्रिलमध्ये होणाऱ्या या सोहळ्यांना तो विचारायला हवा. आणि तो विचारायला आत्याइतकं योग्य माणूस नाही. आई-वडील त्या दिवशी फार जवळ असतात. आई मेकअप पुसला जाऊ नये म्हणून धडपडत असते, वडिलांचं लक्ष स्टेजपेक्षा मोबाइलच्या स्टोरेजकडे असतं. आत्या घरचीच, पण दोन पावलं मागे उभी राहून बघू शकणारी.

शिवाय मराठी घरात मुलाच्या नावावर आत्याचा पहिला हक्क. पाच-साडेपाच वर्षांपूर्वी बारशाला हिनेच पाळण्यावर वाकून भाचीच्या कानात नाव सांगितलं होतं, ‘कुर्रर्र’ केलं होतं आणि भोवती जमलेल्या बायकांचे पाठीत धपाटे खाल्ले होते. तेव्हा कुजबुजलेलं ते नाव आज स्पीकरवरून, आडनावासकट आणि पुढे ‘मिस’ लावून, सगळ्या कार्यालयाला ऐकू आलं. मधल्या काळात एका संक्रांतीला बोरन्हाणही झालं होतं. तेव्हाही भाची काळ्या कपड्यातच होती: काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि ते वेचायला तुटून पडलेली बिल्डिंगमधली पोरं. त्या काळ्या कपड्याला कारण होतं, थंडीत ऊब देणारा रंग. मार्चच्या उन्हातल्या सॅटिनला कारण शोधावं लागतं.

आत्या साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघून नवले पुलाला उतरली होती. भावाचा फ्लॅट धायरीत. हे गाव ऑक्टोबर 2017 मध्ये आणखी दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं, पण शहर त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचलं होतं. रायकर मळा, बेनकर मळा, गारमाळ ही नावं अजून शेतीची आठवण देतात आणि त्या मळ्यांतून आता लिफ्टचे आवाज येतात. धारेश्वराचं देऊळ जुन्या गावाचं, सिंहगड रस्त्यावरची ट्रॅफिक नव्या गावाची. नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली जोडपी, दोघंही कामावर, आजी-आजोबा गावाकडे. अशा घरात पूर्वी आजी, काकू, आत्या जे करायच्या त्यातलं बरंच काही आता प्लेग्रुपवाल्या टीचर करतात. तीन वर्षं ज्या बाईने मुलाचं नाक पुसलं, डबा उघडून दिला, रडताना कडेवर घेतलं, तिचा निरोप घ्यायला एक समारंभ हवा, यात दुमत असायचं कारण नाही.

वाद समारंभाशी नाही, त्याच्या कपड्यांशी आहे. आणि कपड्यांमागून हळूच आत येणाऱ्या कल्पनेशी.

काळा गाऊन हा मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांचा वारसा. तिथले विद्यार्थी आणि अध्यापक बरेचसे धर्मपीठाशी बांधलेले. थंडगार दगडी दालनांत बसायचं तर पायघोळ झगा सोयीचाच. इंग्रजांबरोबर तो भारतात आला आणि 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठं स्थापन झाल्यावर इथे मुरला. चौकोनी टोपीची गोष्ट त्याहून मजेदार. तिचं इंग्रजी नाव ‘मॉर्टरबोर्ड’. मॉर्टर म्हणजे बांधकामाचा माल. गिलावा करताना गवंडी एका हातात जी चौकोनी फळी धरतो आणि दुसऱ्या हातातल्या थापीने जिच्यावरचा माल उचलून भिंतीला मारतो, त्या फळीसारखी दिसते म्हणून टोपीला ते नाव पडलं. धायरीत ही फळी बघायला फार लांब जावं लागत नाही. भावाच्या फ्लॅटसमोरच एका इमारतीला बाहेरून गिलावा चालू होता.

गंमत अशी, की मोठ्यांची विद्यापीठं हा पोशाख उतरवत असताना लहानांच्या शाळा तो चढवत आहेत. एप्रिल 2010 मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदानात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर व्यासपीठावर अंगातला गाऊन काढून ठेवला आणि ही वसाहतकाळाची खूण कशाला हवी, असा सवाल केला. जानेवारी 2019 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवीप्रदानाला गाऊनऐवजी कुर्ता-पायजमा आणि पगडी आणली. पगडी पुणेरी असावी की महात्मा फुल्यांची, यावरून त्याच समारंभात विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेतला पोशाख ठरवायला सांगितलं. इकडे फॅन्सी ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात शिवाजी महाराज, परी, भाजीवाली आणि ट्रॅफिक पोलीस यांच्या शेजारी आता ‘केजी ग्रॅज्युएट’ टांगलेला असतो. वय वर्षं पाच ते सहा, अनामत रक्कम वेगळी.

पण हा गाऊन हसून सोडून देता येत नाही. त्या दिवशी आत्याच्या शेजारी तिची आई, म्हणजे भाचीची आजी बसली होती. सातवीत शाळा सुटलेली. नात स्टेजवर आली तेव्हा तिने पदराने डोळे टिपले. आत्या स्वतः बी.कॉम. झालेली, साताऱ्यात एका सहकारी बँकेत नोकरीला. तिची पदवी कुरिअरच्या पाकिटातून घरी आली होती, वाकू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घालून. तिने कधी गाऊन घातला नाही, तिच्या भावानेही नाही. विद्यापीठाच्या समारंभाला जाऊन पदवी घेणारे थोडे, बाकीच्यांना ती टपालाने नाहीतर खिडकीवर. म्हणजे या घरात गाऊन घातलेला पहिला फोटो लागणार तो साडेपाच वर्षांच्या मुलीचा. ‘बाहेरचं खूळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. ज्या घरांत पदवी ही पिढीजात गोष्ट नाही, तिथे तो काळा झगा एक इच्छा असते. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई साता समुद्रापार जाऊन हजर राहिल्या होत्या. आपल्या माणसाला पदवी घेताना बघण्याची ओढ जुनी आहे, आणि ती खरी आहे.

म्हणूनच ती नीट जागी खर्च व्हायला हवी. पदवी म्हणजे काहीतरी पुरं झाल्याची खूण. सिनिअर केजीनंतर काय पुरं होतं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेची रचना 5+3+3+4 अशी बदलली. त्यातला पहिला पाचाचा टप्पा, तीन ते आठ या वयाचा, पायाभूत टप्पा म्हणून एकसंध धरला आहे: तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाडी आणि त्याला जोडून पहिली-दुसरी. ऑक्टोबर 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा आला, फेब्रुवारी 2023 मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं असलेली ‘जादुई पिटारा’ ही पेटी. सगळ्याचं म्हणणं एकच, की पहिली आणि दुसरीतही मूल खेळातून, गोष्टीतून, हाताने करून शिकलं पाहिजे. केजी आणि पहिली यांच्यात भिंत नको, म्हणून धोरण गिलावा खरवडून काढतंय आणि ग्रॅज्युएशन डे नेमकी तिथेच नवी भिंत बांधतोय. पाचातल्या तिसऱ्या वर्षी पदवी देऊन मुलाला आणि विशेषतः त्याच्या पालकांना सांगितलं जातं, की खेळ संपला, आता अभ्यास.

त्या कार्यक्रमात हे शब्दशः सांगितलंही गेलं. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई म्हणाल्या, “आता आपली पिल्लं बिग स्कूलमध्ये जाणार, आता नो मस्ती!” मग प्रत्येक मुलाने माइकवर येऊन मोठेपणी कोण होणार ते सांगितलं. बारा डॉक्टर, सात पायलट, चार आयपीएस, बरेचसे इंजिनिअर आणि एक ‘सायंटिस्ट इन नासा’. सगळं इंग्रजीत, पाठ केलेलं. एकाला वाक्य आठवेना तेव्हा पहिल्या रांगेतली त्याची आई ओठ हलवून सांगत होती. भाची म्हणाली ती डॉक्टर होणार. घरी आल्यावर आत्याने विचारलं, “खरंच डॉक्टर व्हायचंय का गं?” तर म्हणाली, “नाही, मला ते लिहून दिलं होतं. मला लिफ्टवाले काका व्हायचंय.”

तीन वर्षांत ही मुलगी काय शिकली, ते स्टेजवर कुठेच दिसलं नाही. ते दिसलं जेवताना. आधी जिला घास भरवावा लागायचा ती आता भाताची मूद स्वतः फोडत होती, वरण सांडलं तर फडकं आणायला उठत होती. बुटाचे वेलक्रो लावते, शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची लावते. शेजारच्या मुलाने खेळणं हिसकावलं तर आधी चावायची, आता “माझं झालं की तुला” म्हणते. जिन्याच्या पायऱ्या मोजते, वीसनंतर तीसवर उडी मारते. कालची गोष्ट ‘उद्या’ घडली असं सांगते आणि आजोबांनी सुधारलं की चिडते. कात्रीने सरळ रेषेवर कापता येतं, गोलावर कापताना जीभ बाहेर येते. ताप आलेल्या मैत्रिणीसाठी तिने डब्यातला अर्धा लाडू रुमालात बांधून शाळेत नेला होता, म्हणून तिच्या बॅगेत आठवडाभर मुंग्या होत्या. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात यातल्या प्रत्येक गोष्टीला मोठं नाव आहे. आत्याला ती नावं ठाऊक नाहीत, पण दिवाळीत पाहिलेली भाची आणि आजची भाची यातला फरक तिला बोट ठेवून दाखवता येतो.

बालवाडी म्हणजे काय हे ज्यांनी जगाला सांगितलं त्यांनाही एवढंच हवं होतं. जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. प्रशियाच्या सरकारला या शाळांमागचे विचार इतके धोक्याचे वाटले की 1851 मध्ये त्यांनी अशा शाळांवर बंदीच घातली. मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आणि ही सगळी विद्या मराठी मातीत आणली ती ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केल्यावर त्यांना जाणवलं, की परदेशी साधनांची महागडी बालमंदिरं आपल्या गावांना परवडायची नाहीत. 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून शब्द मिळाला, अंगणवाडी. रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, गारगोट्या आल्या. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

ताराबाईंच्या या कामात बोर्डीपासून साथ होती अनुताई वाघांची. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी, पुण्याच्या हुजूरपागेतही काही वर्षं. हजारो मुलांना अक्षराच्या वाटेवर लावणाऱ्या अनुताईंनी स्वतः एस.एन.डी.टी. विद्यापीठाची पदवी घेतली ती 1961 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, डोळ्यांचं दुखणं सोसत. जिच्या हातून महाराष्ट्राची बालवाडी घडली, ती एक्कावन्नाव्या वर्षी पदवीधर. तिच्या बालवाडीची नवी आवृत्ती मात्र साडेपाचाव्या वर्षीच पदवी वाटून मोकळी.

यामागे शाळांचं गणित आहे आणि ते समजून घेता येतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. त्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ एवढंच म्हटलं आहे, करील असं नाही. त्या ‘शकेल’च्या फटीतून गल्लोगल्ली नर्सरी उगवल्या. 1993 मध्ये यशपाल समितीने लहान मुलांच्या पाठीवरच्या आणि डोक्यातल्या ओझ्याबद्दल बजावलं, 1996 मध्ये महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक प्रवेशांचं नियमन करणारा कायदा केला, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी घालून दंडही ठरवला. तरी ‘मुलाखत’ हा शब्द ‘इंटरॅक्शन’ होऊन कुठे कुठे जिवंतच आहे. खासगी बालवाड्यांनी पोर्टलवर नोंदणी करावी, असं राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने सांगितलं ते 2025 मध्ये. तोवर खोल्या किती, स्वच्छतागृह आहे का, बाई शिकलेली आहे का, याची मोजदाद कुणी करत नव्हतं. जिथे मापायला दुसरं काही नाही तिथे शाळा चांगली की वाईट हे पालक कशावरून ठरवणार? भिंतीवरच्या चित्रांवरून, इंग्रजीवरून आणि गाऊनमधल्या फोटोंवरून. तोच फोटो पुढच्या वर्षी ‘ॲडमिशन ओपन’च्या फ्लेक्सवर जातो. मुलाचा समारंभ असा शाळेची जाहिरात होतो, आणि त्याचं भाडं पालक भरतात.

आता पुन्हा त्या समोरच्या इमारतीकडे बघू. दुपारी आत्या आणि भाची गॅलरीत उभ्या होत्या. खाली वाळूच्या ढिगावर दोन मुलं खेळत होती, भाचीच्याच वयाची असतील. तुटक्या टाइलच्या तुकड्यांनी घर बांधत होती. त्यांची आई घमेली वाहत होती, बाप वर परांचीवर उभा राहून गिलावा करत होता, हातात तीच चौकोनी फळी. भाचीने गाऊन अजून काढला नव्हता. तिने विचारलं, “त्यांची शाळा कुठे आहे?” आत्याला सांगता येईना.

धायरी, नऱ्हे, नांदेड सिटीच्या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत जेवढे मजले चढले, ते सगळे अशा कुटुंबांनी चढवले. एक साइट संपली की दुसरी. त्यामुळे मुलाचं नाव एका हजेरीपटावर टिकत नाही. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था बांधकामाच्या जागीच वर्ग भरवतात, मुलांना जवळच्या शाळेत नेऊन बसवतात. 1988 मध्ये मुंबईत सुरू झालेलं हे काम नावाप्रमाणेच दारापर्यंत जाणारं, ताराबाईंच्या अंगणाचा शहरी अवतार म्हणावा असं. पण प्रत्येक साइटवर कुणी पोचत नाही. तिथे सरकारी अंगणवाडी हाच आधार. 2 ऑक्टोबर 1975 पासून चालत आलेली एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे खिचडी, लसीकरण, वजनकाटा आणि त्यातून उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. ते सगळं करणाऱ्या सेविका डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस राहिल्या. तेव्हा त्यांना मिळत होतं महिन्याला सुमारे दहा हजार रुपये, मागणी होती सव्वीस हजारांची. केजीच्या मुलाला पदवी देणारा समाज त्याच वयाच्या मुलाच्या बाईला वेतन देत नाही, ‘मानधन’ देतो.

असं म्हटलं की कुणी म्हणेल, एका दिवसाच्या हौसेवर एवढं कशाला? मुलं खुश असतात, फोटो छान येतात. खुश असतात हे खरंच. पाच वर्षांचं मूल गाऊनमध्ये खुश असतं तसं ते पुठ्ठ्याच्या खोक्यातही खुश असतं. आनंद त्याचा त्याच्यापाशीच असतो, कपडा मोठ्यांनी निवडलेला असतो. मग निवडायचाच आहे तर बरा निवडावा. ज्या राज्यात दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून मुलं पुस्तकाला फुलं वाहतात, ज्या राज्यात 2022 पासून सरकारी शाळांत पहिलीच्या आधी ‘पहिले पाऊल’ नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, तिथे निरोपाच्या कल्पनांचा दुष्काळ नाही. त्या मेळाव्यात मूल उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावतं, गोष्ट सांगतं आणि त्याची आई शेजारी उभी राहून बघते, घरी काय करून घ्यायचं ते शिकते. टोपी नाही, गोंडा नाही. मुलाला काय येतं ते नोंदवणारं तिथलं विकासपत्र कोरं नसतं.

तेव्हा निकाल असा: समारंभ राहू द्या, गाऊन परत करा. त्या पैशात प्रत्येक मुलाला एक मराठी गोष्टीचं पुस्तक येतं. कोऱ्या सुरळीच्या जागी वर्गाच्या टीचरने चार ओळी लिहाव्यात, ‘हिला गोलावर कापता येतं’, ‘याने वर्षभर झाडाला पाणी घातलं’, ‘ही रडणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसते’. बत्तीस मुलांना चार-चार ओळी, दोन दुपारचं काम. मोठेपणी काय होणार ते विचारण्यापेक्षा आज काय येतं ते मुलांना करून दाखवू द्यावं. वर्गात मदत करणाऱ्या मावशींना स्टेजवर बोलावावं, कारण तीन वर्षांत सगळ्यात जास्त चड्ड्या त्यांनी बदलल्या आहेत. आणि जवळच्या अंगणवाडीतली, समोरच्या साइटवरची मुलं त्या दिवशी पाहुणी म्हणून यावीत, खाऊपुरती नव्हे, गाणं म्हणायला. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं सिनिअर केजीत असतील त्या पालकांनी जूनच्या पहिल्या पालकसभेत हा विषय काढावा. फेब्रुवारीत उशीर झालेला असतो, तोवर गाऊनची ऑर्डर गेलेली असते.

आत्याने त्या संध्याकाळी एक काम केलं. भाचीने आणलेली कोरी सुरळी तिने उलगडून टेबलावर सपाट केली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बॉलपेन घेऊन भाचीला विचारलं, “सांग, तुला काय काय येतं?” भाचीने सांगितलं ते तिने जसंच्या तसं उतरवलं. लाडू वळता येतो. घसरगुंडीवर उलटं चढता येतं. आजीचा मोबाइल चार्जिंगला लावता येतो. ‘ळ’ म्हणता येतो. न रडता इंजेक्शन घेता येतं, पण आईने हात धरला पाहिजे. यादी पान भरून मागे गेली.

खाली सही आत्याची. गाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत दुकानात परत करायचा होता, अनामत त्यावरच होती.